शिस्त आणि दुर्बीण

‘शिस्त’ हा शब्द आज शाळेत आणि कचेरीत ऐकू येतो. परंतु फारसीतून मराठीत आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ नेम असा आहे. बंदूक खांद्याला लावून नळीवरून लक्ष्याकडे पाहणे म्हणजे शिस्त धरणे; आणि नळीच्या टोकाशी असलेला जो बारीक उंचवटा त्या कामी येई, त्याला म्हणत माशी. हिंदुस्थानातील तोड्याच्या बंदुकांना पुढे माशी व मागे खाच अशी दोन्ही साधने पुष्कळदा असत. याउलट ज्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीच्या जोरावर इंग्रजांनी एवढे साम्राज्य मिळविले, तिला मागची खाच मुळीच नव्हती. संगीन अडकविण्यासाठी नळीवर ठेवलेला खुंटा हीच तिची माशी!

याचे कारण उघड आहे. त्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी नळीच्या पोकळीपेक्षा किंचित लहान. शंभर यार्डांपलीकडे ती कोणाला लागेल हे मारणारालाही सांगता येत नसे. तेव्हा एका शिपायाने नेम धरण्यापेक्षा शंभरांनी एकदम बार काढावा, हाच त्या काळचा युद्धधर्म होता. नळीत आटे पाडलेली रायफल सर्रास वापरात आली आणि हे सारे पालटले. १८५७ सालच्या काडतुसांच्या प्रकरणामुळे जिचे नाव घरोघर झाले, त्या १८५३ च्या एन्फील्ड रायफलीवर शिडीसारखी वरखाली होणारी खाच होती, आणि तीवर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा कोरलेल्या होत्या.

खुणा कोरणे सोपे. पण नऊशे यार्डांवरचा माणूस उघड्या डोळ्यांना दिसावा कसा? शिवाय मागची खाच, पुढची माशी आणि दूरचे लक्ष्य या तीन वस्तू तीन निरनिराळ्या अंतरांवर असतात. मनुष्याच्या डोळ्याला त्या तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. दुर्बिणीने ही अडचण मुळातच नाहीशी केली. तिच्या आतील बारीक तारा आणि लक्ष्याची प्रतिमा ही एकाच पातळीवर येतात. डोळ्याला एकाच ठिकाणी पाहावयाचे उरते.

या सुधारणेशी मुंबई इलाख्याचा जवळचा संबंध आहे. मुंबईच्या लष्करात नोकरी केलेले कर्नल डेव्हिडसन यांनी रायफलीला जोडावयाची एक दुर्बीण सिद्ध केली. अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेकडील काही निवडक नेमबाजांनी ही दुर्बीण व्हिटवर्थ रायफलीवर चढवून वापरली. तेथे ती नळीच्या माथ्यावर नव्हे, तर डाव्या अंगाला बसविलेली असे. ही डावी बाजू ध्यानात ठेवण्याजोगी आहे; कारण अर्धशतकानंतर तिच्यापायी बराच अनर्थ ओढवावयाचा होता.

१९१४ च्या अखेरीस फ्रान्स व बेल्जमच्या भूमीवर दोन्ही सैन्ये समोरासमोर खंदक खोदून बसली. कित्येक ठिकाणी दोन खंदकांमधील अंतर शंभर-दोनशे यार्डांहून अधिक नव्हते. जर्मनीत रानांतील शिकारीची परंपरा जुनी आणि भिंगे घडविण्याची कला उत्तम. तेव्हा दुर्बीण लावलेल्या शिकारी रायफली गोळा करून जर्मनांनी त्या आघाडीवर धाडल्या. खंदकाच्या काठावर क्षणभर डोके वर आले की संपले, अशी इंग्रज शिपायांची १९१५ मध्ये अवस्था झाली. त्यांच्या पलटणी लढाई नसलेल्या दिवशीही रोज माणसे गमावीत होत्या.

मग इंग्रजांनीही दुर्बिणी मागविल्या. त्यांत दोन जाती होत्या. लॅटी, नील, मार्टिन या नावांच्या साधनांत मधली नळीच नसे. एक भिंग माशीपाशी आणि दुसरे खाचेपाशी, एवढाच त्यांचा पसारा. ही स्वस्त व हलकी खरी, पण त्यांतून दिसणारा टापू फार लहान आणि भिंगे पावसाला उघडी. दुसरी जात खऱ्या नळीच्या दुर्बिणींची. ऑल्डिस आणि पेरिस्कोपिक प्रिझम या कंपन्या त्या करीत. या पुष्कळच चांगल्या होत्या. परंतु त्या रायफलीवर बसवाव्या कशा, या प्रश्नापाशी घात झाला.

इंग्रजी रायफलीत पाच काडतुसांची पट्टी वरून दाबून भरीत. दुर्बीण नळीच्या माथ्यावर बसविली तर ही पट्टी घालता येत नाही. म्हणून युद्धखात्याने ती डाव्या अंगाला बसविण्याचा निर्णय केला. कागदावर हा निर्णय शहाणपणाचा दिसतो. पण लपून एक गोळी मारून गप्प बसणाऱ्या नेमबाजाला भराभर पाच काडतुसे भरण्याची निकड ती कितीशी? उलट या बाजूच्या बैठकीमुळे दृष्टीची रेषा आणि गोळीची रेषा एकमेकींवर न राहता शेजारी शेजारी पडल्या. समजा, दुर्बीण नळीपासून दोन इंच डावीकडे आहे आणि दोनशे यार्डांवर दोन्ही रेषा जुळवून घेतल्या आहेत. तर शंभर यार्डांवर गोळी एक इंच उजवीकडे लागेल आणि चारशेवर दोन इंच डावीकडे. शत्रूच्या डोक्याचा चार बोटे भाग दिसत असता इंचाचाही हिशेब ठेवावा लागतो.

याहून मोठी अडचण पोलादी ढालींची होती. आपल्याकडील किल्ल्यांच्या तटांत जशा जंग्या असतात, तसे अरुंद भोक पाडलेले पोलादी पत्रे खंदकाच्या काठी पुरून त्यांआडून नेम धरीत. नळी भोकातून बाहेर काढावी तर डावीकडील दुर्बिणीपुढे पत्रा येई, आणि दुर्बिणीतून पाहावे तर नळीपुढे पत्रा येई. ज्या आडोशाने जीव वाचावयाचा, त्याचाच उपयोग होईना.

हा घोटाळा ज्याने हेरला त्या गृहस्थाचा जन्म १८७६ मध्ये आपल्या झाशीचा. हेस्केथ-प्रिचर्ड हे त्याचे नाव. प्रवासी, शिकारी, कादंबरीकार आणि हॅम्पशायर परगण्याचा वेगवान गोलंदाज अशी त्याची ख्याती होती. आघाडीवर तो आला तो वार्ताहरांना खंदक दाखविण्याच्या कामावर. तेथे त्याने जे पाहिले त्याने तो थक्क झाला. दुर्बिणीच्या रायफली खंदकातील फावडी-कुदळींप्रमाणे एका पलटणीकडून दुसरीकडे सुपूर्त होत होत्या. त्या कोणी, कोणत्या अंतरासाठी जुळविल्या होत्या याचा पत्ता नसे. बैठकीचे स्क्रू ढिले झालेले, तारा सरकलेल्या. आणि शिपायाला मात्र भरवसा की, दुर्बीण आहे त्या अर्थी गोळी लागणारच!

प्रिचर्डने प्रथम इंग्लंडातील मित्रांकडून चांगल्या रायफली मागून आणल्या. मग पलटणीपलटणींतून हिंडून तो बिघडलेल्या दुर्बिणी तपासू लागला, गोळ्या झाडून जुळवू लागला, आणि त्या हाताळणाऱ्या माणसांना शिकवू लागला. १९१६ मध्ये लँगेम येथे या विद्येची शाळा निघाली. तेथे नेम धरण्याइतकेच महत्त्व निरीक्षणाला होते. कागदाच्या लगद्याचे खोटे डोके काठीवर चढवून वर धरावयाचे. शत्रूची गोळी त्यातून आरपार गेली की तिने पाडलेल्या दोन भोकांच्या रेषेत पेरिस्कोप लावून पाहावयाचे. गोळी कोठून आली ती जागा अचूक दिसे. म्हणजे शत्रूची गोळीच शिस्त दाखवून देई!

त्याने सांगितलेली मांजराची हकीकतही अशीच आहे. जर्मन खंदकाच्या काठी एक सुरेख मांजर रोज ऊन खात बसलेले एका निरीक्षकाला दिसे. असले मांजर अधिकाऱ्यांच्या बिऱ्हाडाजवळच असावयाचे, असा तर्क निघाला. त्या जागी अधिकाऱ्यांचे ठाणे असल्याची खात्री पटल्यावर तोफखान्याने ते उडवून दिले. भिंगातून मांजर पाहणाराने एकही गोळी झाडली नव्हती.

प्रिचर्ड १९२२ मध्ये, उण्यापुऱ्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारला; परंतु त्याची शिकवण वाया गेली नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या जुन्या बंदूकवाल्यांनी इंग्रज सैन्यासाठी निवडक ‘नंबर चार’ रायफली तयार केल्या. त्यांत दुर्बीण माथ्यावर आली. ती उंच बसत असल्याने गाल टेकण्यासाठी दस्त्यावर लाकडी उशी बसविली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुर्बिणीचा क्रमांक रायफलीच्या दस्त्यावर आणि रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या बैठकीवर कोरला. ही दुर्बीण या रायफलीची, दुसरीची नव्हे, असे जणू लग्नच लावून दिले. पहिल्या युद्धात शेकडो माणसे दगावल्यावर उमजलेली गोष्ट अशी दोन आकड्यांत येऊन बसली.

या इतिहासातून दिसते ते एवढेच की, उत्तम भिंग विकत घेता येते. पण ते हत्याराशी, अंतराशी आणि हाताशी जुळविणे हे माणसाचेच काम राहते. आणखी एक गोष्ट आहे. बार काढणाऱ्या जुन्या शिपायाला धुरापलीकडे कोण पडले हे कळत नसे. दुर्बिणीतून पाहणाराला समोरच्याची वाढलेली दाढी आणि ओठांतील चिलीमही दिसते. चाप ओढण्यापूर्वी तो एका माणसाला पाहत असतो, आणि पाहिले नाही असे त्याला पुढे कधी म्हणता येत नाही. नेम आणि स्वतःवरील ताबा या दोहोंना मराठीने एकच शब्द दिला आहे. तो या कामी जितका लागू पडतो तितका क्वचितच दुसऱ्या कोठे पडत असेल.