क्लीनरची सीट: ट्रक शिकवणारी शाळा कुठे गेली?

मागच्या काही भागांनंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. हेवी लायसन्स काढलंय, लांब पल्ल्याच्या गाडीवर चढायचंय, काय सांगाल? हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, त्यामुळे उत्तरही इतिहासातूनच देणार. आजचा विषय आहे ट्रकच्या केबिनमधली डावी सीट, म्हणजे क्लीनरची सीट. हायवेवर त्याला 'किन्नर' म्हणतात, तो क्लीनर या शब्दाचाच अपभ्रंश. साठ-सत्तर वर्षं आपल्याकडे ट्रक ड्रायव्हर घडले ते याच सीटवर. आज ती बऱ्याच गाड्यांत रिकामी असते, आणि नव्या ड्रायव्हरची खरी अडचण तिथूनच सुरू होते.

पण थोडं मागे जाऊ. ट्रक यायच्या आधी माल कसा जायचा? लमाणांच्या तांड्यांवर, बैलांच्या पाठीवरून. मुंबईहून पुण्याला चढायला बोरघाट होता, पण तिथून चाकाची गाडी नीट जाईल असा रस्ता नव्हता. तो झाला १८३० मध्ये. गव्हर्नर जॉन माल्कम याने १० नोव्हेंबर १८३० रोजी तो खुला केला. ज्याला आपण अमृतांजन पूल म्हणायचो, तो त्याच काळातला. एप्रिल २०२०च्या लॉकडाऊनमध्ये पाडला, तोच.

तांड्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. किती चालायचं हे तिथे बैल ठरवायचा. बैल दमला की मुक्काम, चरायला सोडायचं, उद्या बघू. इंजिन आलं आणि ही मर्यादाच गेली. इंजिन दमत नाही. दमतो तो माणूस, आणि ते त्याचं त्याला कळत नाही.

आता ट्रकवर येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे जुने ट्रक बाजारात आले आणि अनेकांनी त्यावर धंदा सुरू केला. पण लांब पल्ला तेव्हा सोपा नव्हता. १९३९च्या मोटार वाहन कायद्यामागे रेल्वेला स्पर्धा नको हा विचार होता, त्यामुळे परमिट ठरावीक भागापुरतं. दुसऱ्या राज्यात जायचं तर तिथली वेगळी मंजुरी. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डेम्लर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. तो करार पंधरा वर्षं चालला, आणि १९६९ नंतर गाडीवरचं बेंझचं चांदणी-चिन्ह जाऊन टाटांचा 'टी' आला. पुढे रस्त्यावर दिसू लागला तो १२१०. आता हा नंबर कसा वाचायचा बघा: पहिले दोन आकडे म्हणजे मालासकट एकूण वजन, १२ टन. नंतरचे दोन दहाने गुणायचे, म्हणजे साधारण १०० अश्वशक्ती. १६१२ म्हणजे १६ टन, १२० अश्वशक्ती. आता सगळं आलं ना लक्षात?

या जुन्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतं. वळवताना खांदे भरून यायचे. गाडी तापायची, रेडिएटरला पाणी लागायचं, ताडपत्री आणि दोर सारखे बघावे लागायचे. एका माणसाचं हे काम नव्हतंच. म्हणून क्लीनर. १९७५च्या सुमारास नॅशनल परमिटची योजना आली, ट्रक राज्याराज्यांतून फिरू लागले, ड्रायव्हर घरापासून आठवडेच्या आठवडे लांब राहू लागला, आणि डाव्या सीटवरच्या पोराशिवाय त्याचं पान हलेना.

पोरगं साधारण गावातलं, नात्यातलं. ड्रायव्हर त्याचा उस्ताद. पगार नावापुरता, जेवण गाडीबरोबर. उस्तादाचे कपडे धुणं, स्टोव्हवर भाजी शिजवणं, शिव्या खाणं, प्रसंगी मारही. या पद्धतीचं कौतुक करायला माझी जीभ वळत नाही. शिकवणी म्हणून फुकट राबवून घेणंच होतं ते पुष्कळदा. पण शिकणं व्हायचं, हेही खरं. दोन-चार वर्षं तो रस्ता नुसता बघायचा. मग रात्री रिकाम्या रस्त्यावर उस्ताद म्हणायचा, 'ये, बस.' (हे बेकायदाच होतं. आज कायद्याने मालवाहू गाडीच्या लायसन्सला वय किमान २० लागतं, आणि शिकाऊ लायसन्सआधी हलक्या गाडीचं लायसन्स हातात येऊन एक वर्ष झालेलं असावं लागतं. आठवी पासची अट मात्र २०१९ मध्ये निघाली.)

मग या डाव्या सीटवर नेमकं काय शिकायला मिळायचं?

पहिलं, गाडीभोवती फेरी. निघण्याआधी क्लीनर हातात रॉड घेऊन एकेका टायरवर ठोकायचा. भरलेल्या टायरचा आवाज टणक, बसलेल्याचा भद्द. मागच्या जोडचाकांत आतला टायर बसला तर बाहेरून दिसत नाही, कारण बाहेरचा भार घेऊन उभा असतो. मग तो एकटाच तापतो आणि फुटतो. आजच्या ड्रायव्हरकडे फोन आहे, सेन्सर आहेत, पण खाली उतरून फेरी मारायला कोणी सांगत नाही. तुम्ही मारा. टायर, चाकांचे नट, दिवे, ताडपत्रीचा दोर, गाडीखाली तेल किंवा पाणी सांडलंय का. दहा मिनिटं लागतात. निघाल्यावर तीस-चाळीस किलोमीटरनंतर एकदा थांबून दोर पुन्हा बघा, कारण धक्क्यांनी माल बसतो आणि घट्ट बांधलेला दोर सैल पडतो.

दुसरं, डावी बाजू. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे ट्रकच्या डाव्या अंगाला आणि नाकासमोर खालच्या भागात काय आहे ते ड्रायव्हरला दिसत नाही. तिथले डोळे म्हणजे क्लीनर. रिव्हर्सला तो मागे उभा राहून बॉडीवर थापा मारायचा: येऊ दे, येऊ दे, बस! एकटे असाल तर रिव्हर्सआधी गाडी बंद करा, हँडब्रेक लावा, उतरा, स्वतः मागे जाऊन बघून या. लाज वाटू देऊ नका. आणि सिग्नलवर बराच वेळ थांबल्यावर हलताना डावा आरसा दोनदा बघा. स्कूटरवाला तिथेच येऊन उभा असतो.

तिसरं, घाट. इथे जरा थांबतो, कारण माणसं मरतात ती इथे.

खंडाळ्याच्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. रेल्वेसाठी घाटातून वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची आख्यायिका. ड्रायव्हर जाता-येता तिथे नाणं टाकतात. श्रद्धा ज्याची त्याची. पण उस्ताद नाणं टाकून झाल्यावर गिअर खाली घ्यायचा, हे नवीन पोरं विसरतात. जुना नियम सोपा होता: ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. आणि गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकायचा, मधे नाही. भरलेली गाडी एकदा वेगात आली की खालचा गिअर बसत नाही.

डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं ही फार जुनी सवय, आणि मालक डिझेलचा हिशेब मागतो म्हणून ती टिकली. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर जातो. ड्रम तापतात, लायनिंगची पकड सुटते, पाय दाबला तरी गाडी ऐकत नाही. नंतर बातमी येते, 'ब्रेक फेल'. बरेचदा ब्रेक नादुरुस्त नसतात, तापवून निकामी केलेले असतात. त्यातून इंजिनच बंद केलं तर आणखी वाईट: एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, आणि प्रत्येक दाबाला टाकीतली हवा कमी होते. म्हणून उतारावर इंजिन चालू, गिअर खाली, एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो चालू, आणि हवेच्या काट्यावर नजर. घाटात वाचलेल्या डिझेलचे पैसे तुमच्या खिशात किती येतात, ते एकदा मोजून बघा.

चौथं, कागद. क्लीनर कागद घेऊन नाक्यावर धावायचा. मुलुंड, दहिसर, वाशीच्या जकात नाक्यांवरच्या रांगा आठवतात का? तुमच्या वडिलांना विचारा. भिवंडीत एवढी गोदामं का, तर ती मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर होती, हे एक मोठं कारण. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. टोलच्या रांगेत २०२१च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा. आता कागद फोनमध्ये आहेत, पण जबाबदारी तुमचीच. ई-वे बिलाची मुदत बघा: साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी बिघडली आणि मुदत संपत आली, तर संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते. ते काम मालकाचं किंवा माल पाठवणाऱ्याचं, पण त्यांना फोन करणार तुम्ही. आणि ओव्हरलोडला 'साहेब, सगळेच नेतात' म्हणू नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,०००. गाडी भरल्यावर काट्याची पावती मागा, ती जपून ठेवा.

पाचवं, झोप. क्लीनर रात्री बोलत राहायचा, गाणी लावायचा, ड्रायव्हर पेंगला की हलवायचा. १९६१चा मोटार वाहतूक कामगार कायदा म्हणत होता: दिवसाला आठ तास काम, पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती, आणि लांब पल्ल्याला परवानगी घेऊन फार तर दहा तास. कायदा चांगला होता, फक्त केबिनपर्यंत पोचला नाही. कारण पगार फेरीवर, आणि फेरी लवकर संपली तर दुसरी मिळते. साधी गोष्ट सांगतो. पहाटे दोन ते पाच या वेळेत झोप सगळ्यात जास्त ओढते, तेव्हा शक्य तितकं थांबा. चहा, तंबाखू, खिडकी उघडी ठेवणं यांनी झोप जात नाही, थोडी पुढे ढकलली जाते. मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल, तर तुम्ही झोपला होतात. थांबा. पण रस्त्याच्या कडेला नाही. धाब्यावर किंवा पंपावर, दिव्याखाली. बिघडल्यामुळे उभं राहावंच लागलं तर त्रिकोण बराच मागे ठेवा, आणि चाकाखाली लावलेले दगड निघताना उचला. मागून येणारा मोटारसायकलवाला त्यांच्यावरच पडतो.

अपघाताबद्दल एक सांगायला हवं. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी चक्का जाम केला, कारण नव्या न्यायसंहितेत अपघात करून पोलिसांना न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. सरकारने ते कलम तूर्त थांबवलं. ड्रायव्हरांचं म्हणणं होतं, थांबलो तर जमाव मारेल. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात हे आधीच धरलेलं आहे. जखमीला मदत करणं ड्रायव्हरचं कर्तव्य, पण जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर अपवाद, असं तिथे लिहिलंय. म्हणजे जिवाला धोका असेल तर तिथून निघा, पण पुढच्या सुरक्षित जागेवरून ११२ला फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. फोन केल्याची नोंद राहते, आणि तीच पुढे तुमच्या कामी येते.

आता सीट रिकामी का झाली? गाड्या सुधारल्या, जकात नाके गेले, आणि क्लीनरचा भत्ता मालकाला जड वाटू लागला. महाराष्ट्रात अवजड गाडीवर क्लीनर असावा असा नियम होता. जुलै २०२५च्या वाहतूकदारांच्या संपात तो काढा अशी मागणी होती. मालकांचं गणित मला कळतं. पण क्लीनर काढून वाचलेल्या पैशातला थोडा भाग नव्या ड्रायव्हरला शिकवण्यावर खर्च झाला पाहिजे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण थंड हवेत झोपही लवकर लागते बरं का.

तर नोकरी घेताना मालकाला हे विचाराच: पहिल्या दोन-तीन फेऱ्या जुन्या ड्रायव्हरबरोबर डबल ड्रायव्हर म्हणून पाठवाल का? हो म्हणाला, तर पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी तीच गाडी धरा. दुसरं, ॲडव्हान्स, भत्ता, डिझेल, टोल, दंड यांचा हिशेब स्वतःच्या वहीत लिहा आणि रोज पानाचा फोटो काढून घरी पाठवा. कोणाचा दंड कोण भरणार, हे गाडी सुटायच्या आधी ठरवा.

पुढच्या भागात भिवंडीची गोदामं. तुमच्या घरात कोणी जुने ड्रायव्हर असतील, तर त्यांच्या उस्तादाने त्यांना काय शिकवलं ते विचारून आम्हाला आवाजी मेसेज पाठवा.