नांवाआडची लेखिका

शिरूर तालुक्यांतील भीमाकांठच्या वडगांव रासाईच्या नांवांतच देवी आहे. स्त्रीची शक्ति देव्हाऱ्यांत पुजणें आमच्या समाजास कधींच जड गेलें नाहीं. जड गेलें तें घरांतील मुलीचा सुस्कारा ऐकणें. तो सुस्कारा ज्या लेखिकेनें ऐकविला तिनें आपल्या टोपणनांवांत हेंच शिरूर धारण केलें होतें.

१९३३ सालीं ह. वि. मोटे यांनीं विभावरी शिरूरकर यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. शिकलेल्या, मिळवत्या, परंतु लग्न लांबलेल्या मुलींचीं मनें त्यांत प्रथमच उघडीं झालीं. मुलीच्या पगारावर चालणारे बापाचे संसारही त्यांत होते. महाराष्ट्रांत एकच गदारोळ उठला. आणि कथांपेक्षां 'ही विभावरी कोण?' याचीच चर्चा अधिक झाली. त्या होत्या बाळूताई खरे (१९०५–२००१). महर्षि कर्व्यांच्या संस्थेंत त्या शिकल्या व पुढें तेथेंच शिकवूं लागल्या.

असाच पडदा १९४१ सालीं अमेरिकेंत अवतरलेल्या 'वंडर वूमन' या चित्रकथेवर होता. तिचा लेखक 'चार्ल्स मौल्टन' म्हणजे मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन. पत्नी एलिझाबेथ व सहचरी ऑलिव्ह बर्न या दोघींसह त्याचा एकच संसार होता, आणि तो जगापासून झांकलेला होता. ऑलिव्ह ही संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची भाची. त्या घरांतील स्त्रीस्वातंत्र्याच्या विचारांतून कंकणांवर गोळ्या झेलणारी वीरांगना जन्मली.

तेथें पुरुषानें नायिकेस अमानुष बळ दिलें. येथें स्त्रीनें सामान्य मुलींना केवळ वाणी दिली. आम्हांस हें दुसरें धाडस मोठें वाटतें. वीरांगनेची कथा वाचून बाजूस ठेवतां येते. शेजारच्या घरांतील मुलगी तशी ठेवतां येत नाहीं.

टोपणनांव हें भित्रेपणाचें लक्षण असें कोणी म्हणेल, तर त्यास त्यांचें पुढील आयुष्यच उत्तर देतें. १९३६ सालीं शाळा सोडून त्यांनीं, इंग्रज सरकारनें 'गुन्हेगार' ठरविलेल्या जमातींच्या सेटलमेंटचा कारभार पत्करला. १९३८ सालीं विश्राम बेडेकरांशीं विवाह होऊन त्या मालतीबाई झाल्या. सेटलमेंटमधील जिणें त्यांनीं १९५० सालीं 'बळी' या कादंबरींत मांडलें. आणि १९८१ सालीं सरकारी हस्तक्षेपाच्या निषेधार्थ भरलेल्या समांतर साहित्यसंमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या.

आजही एखादी मुलगी नांव झांकून लिहिते, तेव्हां ती कोण हें शोधण्यापूर्वीं ती काय म्हणते तें आपण वाचावें, एवढेंच आमचें मागणें आहे.