पिवळ्या पायांची वंशावळ

राजमाचीच्या रानात किंवा खंडाळ्याच्या घाटात भल्या पहाटे हिंडलेल्या श्रोत्यांनी रानकोंबड्याची बांग ऐकली असेल. गावच्या कोंबड्यासारखी ती लांबत नाही. तुटक आणि घोगरी असते. हा आपल्या सह्याद्रीचा करडा रानकोंबडा. जगातील कोंबड्यांच्या कुळकथेत त्याला फार काळ कोणी थारा दिला नाही, आणि आज आम्हांस त्याचीच बाजू मांडायची आहे.

कथेचा आरंभ मात्र विलायतेत होतो. तेथे १८३५ च्या कायद्याने कोंबड्यांच्या झुंजींना आळा बसला आणि शौकिनांची हौस प्रदर्शनांकडे वळली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४५ साली असे मोठे प्रदर्शन भरले. प्रदर्शन आले की पंच आले, आणि पंच आले की तंटे आले! म्हणून १८६५ मध्ये आदर्श कोंबडी कशी असावी याचे नियम छापले गेले. अमेरिकेने १८७४ मध्ये आपले केले. पांढऱ्या लेगहॉर्नचेच पाहा. नराचा तुरा ताठ आणि पाच दात्यांचा हवा, मादीचा एका अंगास कललेला. कानाची पाळी पांढरी आणि पाय पिवळे. पाय फिके दिसले की गुण कापले.

हे पिवळे पाय आले कोठून? डार्विनने १८६८ च्या ग्रंथात सर्व पाळीव कोंबड्यांचे मूळ एकट्या लाल रानकोंबड्याकडे नेले. रानकोंबड्यांच्या निरनिराळ्या जातींच्या संकरातून सुमारे पाचशे अंडी मिळाली, पण जगली अवघी बारा पिले, हा त्याचा एक दाखला. पुरावा वजनदार होता. तरीही २००८ साली स्वीडनमधील उप्सालाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, पिवळ्या कातडीचा गुण लाल रानकोंबड्याचा नव्हे, बहुधा करड्याचा आहे. दाण्यातील व हिरव्या पाल्यातील पिवळा रंग इतर कोंबड्यांच्या कातडीत मोडला जातो. या गुणामुळे तो तेथेच साठून राहतो. म्हणजे विलायती पंच ज्या पायांना गुण देत होते, त्यांचा रंग आपल्या दख्खनच्या रानातला!

गंमत पुढेच आहे. कोंबडी भरपूर अंडी घालू लागली की हाच रंग बलकात उतरतो आणि पाय फिके पडतात. तेव्हा पंच जिचे गुण कापील, ती घरधनिणीला हवीशी असते. नियम लिहिणाऱ्याने रूप पाहिले. पोट भरणाऱ्याने काम पाहिले.

आपल्याकडे गुजरात-महाराष्ट्र सीमेवरील बुसरा कोंबडीची जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली, ही आनंदाची गोष्ट. मावळच्या गावठी कोंबडीचेही वर्णन कोणी लिहावे, असे आम्हांस वाटते. पण ते तुऱ्याच्या दात्यांपासून सुरू करू नये. मावळातली म्हातारी कोंबडी घेताना दोनच गोष्टी विचारते: खुडूक नीट बसते का, आणि घार आली तर पिले पंखाखाली घेते का? एकवीस दिवस अंड्यांवरून न ढळणाऱ्या कोंबडीला किती गुण द्यायचे, हे आधी तिलाच विचारावे.