पायांची आग: मधुमेहातल्या नसांच्या दुखण्याचा इतिहास

"डॉक्टर, शुगर आत्ता सापडली, पण पाय तर दोन वर्षांपासून जळतायत." नव्याने मधुमेह निघालेल्या पेशंटकडून हे मी नेहमी ऐकतो. दिवसा कामाच्या नादात विसर पडतो आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळव्यांची आग सुरू होते. कुणी पाय गार फरशीला लावून झोपतं, कुणी बादलीत पाय बुडवून बसतं, कुणाच्या घरी काशाची वाटी आणि तूप निघतं. "अंगात उष्णता वाढलीय" म्हणून सब्जा, गुलकंद सुरू होतो. घरच्यांना पायावर काहीच दिसत नाही, त्यामुळे चार दिवसांनी तेही कंटाळतात. माणूस एकटाच रात्री जागत बसतो.

तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर आज गोळ्यांची यादी देण्याऐवजी या दुखण्याचा इतिहास सांगतो. तुम्हाला पडणारे बरेचसे प्रश्न डॉक्टरांनाही पडले होते, आणि त्यांची उत्तरं सुरुवातीला चुकलीही होती.

चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांमध्ये प्रमेह पुरता प्रकट होण्याआधीची लक्षणं दिली आहेत. लघवीला मुंग्या लागतात हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्याच यादीत तळहात-तळपायांची आग आणि बधिरपणाही आहे. त्यांना रक्तातली साखर किंवा चेतातंतू माहीत होते असा दावा मी करणार नाही. (तसे फॉरवर्ड मलाही रोज येतात.) पण निरीक्षण चोख होतं. टाइप २ मधुमेह अनेक वर्षं गुपचूप अंगात असू शकतो, आणि काही जणांच्या नसांना निदानाच्या दिवशीच इजा झालेली असते. म्हणजे "आधी पाय जळले, मग शुगर सापडली" हे अगदी शक्य आहे.

युरोपात मात्र गाडी उलट्या दिशेला गेली. १८४९ मध्ये फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी सशाच्या मेंदूच्या तळाशी एका ठरावीक जागी सुई टोचली, तर सशाच्या लघवीत साखर उतरली! मग अनेक डॉक्टरांना वाटलं, की मधुमेह हा मुळात मज्जासंस्थेचाच आजार असणार. आधी नसा बिघडतात आणि त्यामुळे साखर वाढते. १८६४ मध्ये मार्शाल द काल्व्ही या फ्रेंच डॉक्टरांनी हे उलटं करून मांडलं: आधी मधुमेह, मग नसांचं नुकसान. आज साधी वाटणारी ही गोष्ट मान्य व्हायला वेळ लागला.

मला या इतिहासात सगळ्यात जवळचे वाटतात ते लंडनच्या गाईज हॉस्पिटलचे फ्रेडरिक पेव्ही. १८८५ मध्ये त्यांनी आपल्या मधुमेही पेशंटचं गाऱ्हाणं जवळजवळ त्यांच्याच शब्दांत डॉक्टरांसमोर मांडलं. पाय बधिर आहेत, जड झालेत; एकाला तर पायांना वीस पौंडांची वजनं बांधल्यासारखं वाटत होतं. नुसती कातडी चिमटीत धरली तरी कळ येते. कपड्याची शिवण अंगाला लागलेली सोसत नाही. दुखणं हाडांच्या आत, मगजात आहे असं वाटतं, आणि ते रात्री वाढतं.

माझ्याकडे येणारी आजी म्हणते, "चादर पायाला लागली तरी नको वाटतं हो." लंडनची शिवण काय आणि आपली चादर काय! हलक्या स्पर्शानेही दुखणं ही इजा झालेल्या नसेची खूण आहे. नस स्पर्शाचा निरोप दुखण्याचा म्हणून मेंदूला पोचवते. यात नाटक नाही. पायावर काही दिसत नाही, कारण बिघाड कातडीवर नसून नसेत आहे. त्याच सुमारास फ्रान्सच्या शार्ल बूशार यांनी दाखवलं, की अशा बऱ्याच पेशंटमध्ये गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडत नाही. मी तुमच्या गुडघ्यावर आणि टाचेमागे हातोडी मारतो, ती म्हणूनच.

१९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन आलं आणि मधुमेही माणसं जगू लागली. नसांचं दुखणं आता मिटेल असं वाटलं असेल, पण १९३३ मध्ये अमेरिकेतल्या कारावाती नावाच्या डॉक्टरांनी उलटाच अनुभव नोंदवला: इन्सुलिन सुरू केल्यावर एका पेशंटच्या पायांच्या वेदना उसळल्या. फार वाढलेली शुगर झपाट्याने खाली आली, की काही जणांना असं होतं. मग ती इन्सुलिनने उतरो वा गोळ्यांनी. अशा वेळी "औषधानेच पाय जळायला लागले" म्हणून माणूस शुगरची औषधं बंद करतो. कृपया तसं करू नका. हे दुखणं बहुधा काही महिन्यांत ओसरतं. आम्हाला येऊन सांगा. शुगर थोड्या धीम्या गतीने उतरवता येते.

शुगर आटोक्यात ठेवण्याचा फायदा होतो का? टाइप १ मध्ये १९९३ च्या अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासाने दणदणीत उत्तर दिलं: नसांचा त्रास सुमारे ६० टक्क्यांनी कमी. टाइप २ मध्ये नसांपुरता फायदा त्यामानाने कमी दिसतो, पण डोळे आणि मूत्रपिंडांना तो नक्की होतो. आधी झालेली इजा त्याने पुसली जाईल असं वचन मात्र मी देत नाही.

आता त्या गोळीविषयी, जिच्यावरून माझ्याशी सगळ्यात जास्त भांडण होतं. ॲमिट्रिप्टिलिन. पेशंट घरी जाऊन मोबाईलवर शोधतो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो: "ही तर डिप्रेशनची गोळी आहे. मला वेड लागलंय का?" ही शंका डॉक्टरांनाही होती. औषध नैराश्याचं, मग दुखणं कमी झालं ते मन सुधारल्यामुळे की काय? १९८७ मध्ये मिचेल मॅक्स आणि सहकाऱ्यांनी तपासलं, तेव्हा मन उदास नसलेल्या पेशंटचंही दुखणं तितकंच उतरलं. १९९२ मध्ये त्यांनी फ्लुओक्सेटिन हे नैराश्याचं दुसरं औषध वापरून पाहिलं. दुखण्यावर ते एकूणात नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. म्हणजे ॲमिट्रिप्टिलिन नसांच्या निरोपावर थेट काम करतं. हे मी तरुणपणी नीट वाचलं असतं, तर "मनावर घेऊ नका, होईल कमी" असं सांगून काही जणांना परत पाठवलं नसतं.

पुढे फिट्सवरची औषधं आली, गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन. २००४ मध्ये अमेरिकेत ड्युलोक्सेटिन आणि प्रीगाबालिन खास या दुखण्यासाठी मंजूर झाली. यांपैकी कुठल्याही औषधाने दुखणं निम्मं झालं तर आम्ही ते यश मानतो. निम्मं म्हणजे रात्रीची झोप परत. दोन दिवसांत गुण नाही म्हणून गोळी सोडू नका; डोस हळूहळू वाढवून काही आठवडे बघावं लागतं. प्रोस्टेट, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर ॲमिट्रिप्टिलिनआधी जरूर सांगा. आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या. त्या गोळीने बी-१२ कमी होतं हे १९७१ पासून माहीत आहे, आणि त्याच्या कमतरतेनेही पायांना मुंग्या येतात. शाकाहारी लोकांनी तर नक्कीच.

आता एक माझी चूक. एक रिक्षाचालक दोन वर्षं पायांच्या आगीसाठी येत होते. एकदा म्हणाले, "डॉक्टर, आग पार थांबली." मला आनंद झाला, मी पाठ थोपटली आणि मोजे काढायला सांगितलंच नाही. दोन महिन्यांनी ते लंगडत आले. चपलेतून वर आलेला खिळा त्यांना कळलाच नव्हता. जखम हाडापर्यंत गेली होती, शेवटी एक बोट गेलं. आग थांबली होती, कारण नसा पार बधिर झाल्या होत्या.

हा धडा वैद्यकाला आपल्याच देशात मिळाला, आणि तो कुष्ठरोगातून. तामिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांत जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला शल्यचिकित्सक म्हणून आले. कुष्ठरोगात बोटं झडतात असं सगळे मानत. ब्रँड यांच्या लक्षात आलं, की बोटं रोगाने थेट झडत नाहीत. वेदना न कळल्यामुळे भाजणं, टोचणं, घासणं यांनी जातात. कुष्ठरुग्णांसाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला त्यांच्या वेल्लोरच्या कामातून पुढे आल्या. आज तुम्हाला दुकानात "शुगरवाल्यांची एमसीआर चप्पल" म्हणून मिळते ती हीच. पुढे ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तीच पद्धत मधुमेही पायांसाठी वापरली.

माझ्या टेबलावर नायलॉनचा एक जाड केस असतो, दहा ग्रॅम दाबाला वाकणारा. त्याचा असा वापरही कारव्हिलमध्येच रुळला. तुम्हाला डोळे मिटायला सांगून मी तो तळव्याला टेकवतो आणि "लागलं का?" विचारतो. दोन मिनिटं लागतात, खर्च काही नाही. नाही कळला, तर गरम पाण्याची पिशवी, अनवाणी देवदर्शन आणि घरी ब्लेडने कुरूप कापणं त्या दिवसापासून बंद. आग होत असली तरीही ही तपासणी करायची, कारण एकाच पायात आग आणि बधिरपणा दोन्ही असू शकतात. ते रिक्षाचालक अजून दर तीन महिन्यांनी येतात. आता मी त्यांना खुर्चीत बसायच्या आधीच चप्पल काढायला लावतो, आणि चपलेच्या आतूनही हात फिरवून बघतो.