आइस हॉकी, जागतिक कुमार स्पर्धा : द्वितीय श्रेणी

वीस वर्षांखालील खेळाडूंच्या राष्ट्रीय संघांसाठी आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघातर्फे भरविण्यात येणारी दुय्यम श्रेणीची वार्षिक स्पर्धा. १९७९ पासून ती ‘ब गट’ या नावाने ओळखली जात असे. २००१ मध्ये तिला ‘डिव्हिजन वन’ हे नाव मिळाले. नाव पहिल्या विभागाचे असले, तरी क्रमाने ही श्रेणी दुसरीच होय. तीतील विजेत्या संघास पुढील वर्षी श्रेष्ठ गटात प्रवेश मिळतो आणि श्रेष्ठ गटातील तळाच्या संघास त्याची जागा घ्यावी लागते. या अदलाबदलीतच स्पर्धेचे खरे महत्त्व आहे.

कुमारांची जागतिक स्पर्धा १९७४ ते १९७६ या काळात अनौपचारिक रीत्या व १९७७ पासून अधिकृतपणे भरू लागली. श्रेष्ठ गटात त्या वेळी आठच संघ असत. ब गट सुरू झाल्यावर या आठांपैकी सात जागा सोव्हिएट रशिया, कॅनडा, स्वीडन, फिनलंड, चेकोस्लोव्हाकिया, अमेरिका व पश्चिम जर्मनी यांच्याकडे असत. आठव्या जागेसाठी स्वित्झर्लंड, नॉर्वे, ऑस्ट्रिया व पोलंड झगडत. स्वित्झर्लंड १९८०, १९८२ व १९८४ मध्ये वर आला आणि तिन्ही वेळा त्याच वर्षी खाली गेला. मधल्या वर्षांत ऑस्ट्रिया (१९८१), नॉर्वे (१९८३) व पोलंड (१९८५) यांचीही हीच गत झाली. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडने आपली जागा राखली व पश्चिम जर्मनीवर खाली उतरण्याची पाळी आली, तेव्हा कुठे ही साखळी तुटली.

दोन श्रेणींमधील अंतर किती मोठे होते, याची कल्पना १९९३ च्या स्पर्धेवरून येते. ब गटातून वर आलेल्या जपानचा स्वीडनने २०–१ असा पराभव केला. त्या एका सामन्यात पीटर फॉर्सबर्ग याने ३ गोल केले व ७ गोलांना साहाय्य केले. मात्र अशा निकालांवरून खालच्या श्रेणीतील खेळाडूंना कमी लेखणे योग्य ठरणार नाही. लॉस अँजेल्स किंग्ज या संघातून पुढे नावारूपास आलेला आंझे कोपितार हा स्लोव्हेनियाकडून याच श्रेणीत खेळला. त्याच्या देशाचा कुमार संघ श्रेष्ठ गटापर्यंत कधीच पोहोचला नव्हता.

सोव्हिएट संघराज्य व चेकोस्लोव्हाकिया यांच्या विघटनामुळे या श्रेणीचे स्वरूप पालटले. १९९३ ची स्पर्धा चालू असतानाच, १ जानेवारी रोजी, चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. श्रेष्ठ गटातील जागा चेक प्रजासत्ताकाकडे गेली. स्लोव्हाकियाला, तेथील खेळाडूंचा पूर्वीच्या यशात वाटा असूनही, खालून सुरुवात करावी लागली. हा निर्णय नियमास धरून असला, तरी न्याय्य होता असे म्हणणे कठीण आहे. युक्रेन १९९५ मध्ये, स्लोव्हाकिया १९९६ मध्ये आणि कझाकस्तान १९९८ मध्ये श्रेष्ठ गटात आले. १९९६ पासून त्या गटातील संघांची संख्या दहा करण्यात आली होती. १९९८ मध्ये सातव्या क्रमांकाच्या सामन्यात कझाकस्तानने कॅनडाला ६–३ असे हरविले. १९९९ मध्ये स्लोव्हाकियाने कांस्यपदक मिळविले.

२००३ ते २०११ या काळात ही श्रेणी सहा-सहा संघांच्या दोन समान गटांत खेळली जाई व दोन्ही विजेते वर जात. २०१२ पासून ‘अ’ गट वरचा व ‘ब’ गट त्याखालचा ठरला आणि वर जाण्याची संधी ‘अ’ गटाच्या एकाच विजेत्यास उरली. प्रत्येक संघ पाच सामने खेळतो. बाद फेरी नसल्याने एखादा पराभवही महाग पडतो.

डिसेंबर २०२१ मध्ये डेन्मार्कमधील हॉर्सहोम येथे बेलारूस विजयी झाला. परंतु युक्रेनवरील आक्रमणानंतर रशिया व बेलारूस यांना महासंघाने फेब्रुवारी २०२२ मध्ये वगळले. करोना साथीमुळे पुढे ढकललेल्या श्रेष्ठ गटाच्या स्पर्धेत रशियाची जागा उपविजेत्या लाटव्हियाला मिळाली व ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने प्रथमच उपांत्यपूर्व फेरी गाठली. २०२५ च्या स्पर्धेत तर त्याने कॅनडावर ३–२ अशी मात केली. नॉर्वे (२०२४) व कझाकस्तान (२०२५) यांना मात्र वर आल्यावर एका वर्षातच परतावे लागले.