अमलगम सेपरेटर म्हणजे काय? दातांच्या दवाखान्यातला पारा गटारात जाण्याआधी कसा अडवतात?

दाताला कीड लागली की 'चांदी भरून घेतली' असं आपण सहज म्हणतो. पण या 'चांदी'त वजनाने जवळपास अर्धा भाग पारा असतो! उरलेल्या भागात चांदी, कथील आणि तांबं असतं. या मिश्रणाला डेंटल अमलगम म्हणतात. आता पांढऱ्या कंपोझिटचा वापर वाढला असला, तरी लाखो लोकांच्या तोंडात जुनं अमलगम आहे आणि ते कधी ना कधी काढावं लागतं. खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

पारा गटारात कसा पोहोचतो?

जुनं फिलिंग ड्रिलने काढताना त्याचा बारीक चुरा होतो. हा चुरा पाणी आणि लाळेबरोबर सक्शनच्या नळीतून किंवा थुंकायच्या भांड्यातून थेट ड्रेनेजमध्ये जातो. पारा नष्ट होत नाही. नदी-खाडीच्या गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी या जास्त विषारी रूपात रूपांतर करू शकतात. ते माशांच्या शरीरात साठतं आणि तिथून आपल्या ताटात येतं.

जपानमधल्या मिनामाटा इथे एका कारखान्याच्या सांडपाण्यातून हेच विष समुद्रात गेलं आणि १९५६ मध्ये तिथला आजार उघडकीस आला. त्याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये पाऱ्याविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. अमलगमचा वापर कमी करणं हा या कराराचा भाग आहे.

सेपरेटर काम कसं करतो?

तत्त्व अगदी सोपं आहे: अमलगम पाण्यापेक्षा खूप जड असतं.

१. खुर्चीजवळची जाळी मोठे तुकडे अडवते.
२. उरलेलं पाणी सेपरेटरमध्ये येतं. तिथे त्याचा वेग कमी होतो आणि जड कण तळाशी बसतात. काही यंत्रं पाणी गरगर फिरवून कण वेगळे करतात.
३. काही मॉडेलमध्ये पुढे फिल्टर किंवा विरघळलेला पारा पकडणारं रेझिनही असतं.
४. साफ झालेलं पाणी ड्रेनेजमध्ये जातं, गाळ डब्यात राहतो.

आयएसओ १११४३ या मानकानुसार चाचणीत किमान ९५ टक्के अमलगम अडवलं गेलं पाहिजे. युरोपियन युनियनमध्ये अमलगम हाताळणाऱ्या दवाखान्यांना २०१९ पासून सेपरेटर सक्तीचा आहे. अमेरिकेत २०१७ च्या नियमानुसार तो बसवण्यासाठी बहुतेक दवाखान्यांना जुलै २०२० पर्यंत मुदत होती.

नुसतं यंत्र बसवून भागत नाही

- डबा भरला की वेळेत बदला, नाहीतर पाणी गाळ न अडवताच पुढे निघून जातं.
- सक्शन लाइन ब्लीचने धुऊ नका. ब्लीचमुळे अडकलेला पारा विरघळून पाण्यात उतरतो.
- जाळी बेसिनमध्ये धुतली तर सगळी मेहनत वाया!

पिवळ्या पिशवीत का नाही?

भारतात २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज लाल पिशवीत आणि सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जातात. पिवळ्या पिशवीतला कचरा सहसा जाळला जातो. त्यात अमलगम असेल तर पाऱ्याची वाफ होऊन तो हवेत जातो. लाल पिशवीतल्या कचऱ्यालाही वाफेची उष्णता दिली जाते. म्हणून उरलेलं अमलगम, रिकाम्या कॅप्सूल आणि अमलगम असलेले काढलेले दात घट्ट झाकणाच्या, लेबल लावलेल्या वेगळ्या डब्यात ठेवून अधिकृत रिसायकलरकडेच द्यायचे असतात.

एक्स-रेचं काय?

फिल्म धुण्याच्या फिक्सरमध्ये चांदी उतरते आणि फिल्मच्या पाकिटात शिशाचा पातळ पत्रा असतो. दोन्ही वेगळे जमा करावे लागतात. डिजिटल सेन्सर वापरला की हा कचरा तयारच होत नाही.

मग माझं जुनं फिलिंग काढून टाकू का?

घाबरून तसं करू नका. फिलिंग चांगल्या स्थितीत असेल तर ते उगाच काढण्याचा सल्ला अमेरिकेचं एफडीएही देत नाही, कारण काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते. पण डॉक्टरांनीच ते काढायचं ठरवलं, तर एक प्रश्न जरूर विचारा: "डॉक्टर, हा चुरा जातो कुठे?"