शेवंतीची पूड आणि शेजारचा बोका

गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी रात्री आमची बेल वाजली. दारात शेजारच्या बाई, वय पंच्याहत्तरच्या पुढे, आणि हातात टॉवेलात गुंडाळलेला त्यांचा बोका. त्याचे कान फडफडत होते आणि मधूनच सगळं अंग झटका बसल्यासारखं ताठ होत होतं. बाईंकडे गाडी नाही, म्हणून मीच दोघांना घेऊन जनावरांच्या दवाखान्यात पोचलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा पहिलाच प्रश्न होता, "पिसवांचं औषध घातलंत का?"

घातलं होतं. सकाळीच. मुलीच्या कुत्र्यासाठी आणलेली एक नळी घरात उरली होती. पिसू ती पिसू, कुत्र्यावरची काय अन् मांजरावरची काय! बोका लहान म्हणून बाईंनी अर्धीच नळी त्याच्या मानेवर रिकामी केली. हिशोब मलाही पटला असता. पण तो साफ चुकीचा होता. नळीवर औषधाचं नाव होतं परमेथ्रिन.

रात्री घरी आलो, पण झोप येईना. हे परमेथ्रिन आहे तरी काय, म्हणून शोधायला बसलो तर गोष्ट थेट आमच्या शेजारच्या गावात येऊन पोचली.

मंडळी, ह्या गोष्टीची सुरुवात एका फुलापासून होते. आपल्या शेवंतीच्या कुळातलं, पांढऱ्या पाकळ्यांचं, पायरेथ्रम नावाचं फूल. आजच्या क्रोएशियाच्या डाल्मेशिया किनाऱ्यावर ते रानात उगवतं. ही फुलं वाळवून केलेली पूड टाकली की पिसवा, ढेकूण, झुरळं उलटी पडतात, हे एकोणिसाव्या शतकात युरोपभर माहीत झालं होतं. बी जपानला पोचलं आणि तिथे एइइचिरो उएयामा नावाच्या गृहस्थाने १८९० साली त्या पुडीची डासांसाठी उदबत्ती काढली. ती भरभर जळून संपायची, म्हणून पुढे तिला वेटोळं दिलं. हे वेटोळं १९०२ मध्ये बाजारात आलं. आपली कासवछाप ही त्याच घराण्यातली!

फुलातल्या द्रव्याची रचना श्टाउडिंगर आणि रुझिका ह्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी शोधायला घेतली आणि १९२४ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. दोघांनाही पुढे वेगवेगळ्या कामांसाठी नोबेल मिळालं. अमेरिकेत १९४९ साली त्याची पहिली कृत्रिम आवृत्ती तयार झाली, ती ॲलेथ्रिन. डासांच्या वड्यांच्या पाकिटावर हे नाव तुम्ही वाचलं असेल. पण दोघांत एक खोट होती. उन्हात ठेवलं की ते काही वेळात निकामी व्हायचं. शेतात फवारायला उपयोग शून्य.

आता हार्पेंडन. मी लूटनला राहतो, तिथून गाडीने दोन स्टेशनं. तिथे रॉथमस्टेड ही १८४३ साली सुरू झालेली शेती संशोधन संस्था आहे. तिथे मायकेल इलियट आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं ह्या रेणूचा एकेक तुकडा बदलून पाहात होते. मागणी अशी : किड्यांना जहाल, सस्तन प्राण्यांना सौम्य, आणि उन्हात टिकणारं. १९७३ मध्ये त्यांनी परमेथ्रिन जाहीर केलं. वेळ अगदी जुळून आली, कारण आदल्याच वर्षी अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली होती. पाठोपाठ सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन आली. झुरळांसाठी कोपऱ्यात ओढायचा खडू, औषध लावलेली मच्छरदाणी, खरजेवरचं ५ टक्क्यांचं मलम, सगळं ह्याच कुटुंबातलं. माणसांचं त्याने खरोखर भलं केलं, ह्यात वादच नाही.

मग बोक्याचं काय बिनसलं?

मज्जातंतूंत सोडियमची ये-जा करणारी बारीक दारं असतात. परमेथ्रिन ती उघडीच अडकवून ठेवतं. किडा त्यानेच मरतो. माणूस आणि कुत्रा वाचतात, कारण त्यांचं यकृत हे द्रव्य झटपट मोडतं, तुकड्यांना ग्लुक्युरॉनिक आम्लाचं शेपूट जोडतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. मांजरात हे शेपूट जोडणारी यंत्रणाच तोकडी आहे. त्यातला एक महत्त्वाचा जीन मोडका आहे, आणि तो घरच्या मांजरातच नाही तर वाघ, सिंह, चित्ता ह्यांच्यातही मोडकाच आहे, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. एक अंदाज असा की फक्त मांस खाणाऱ्या ह्या घराण्याला वनस्पतींतली विषं पचवायची गरजच उरली नाही, म्हणून यंत्रणा गंजून गेली. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते, त्याच्या मुळाशीही हेच.

आता प्रमाण बघा. माणसाच्या मलमात ५ टक्के. कुत्र्याच्या नळीत बऱ्याचदा ४५ ते ६५ टक्के. चार किलोच्या मांजराला त्यातला एक मिलिलिटरसुद्धा जिवावर बेतू शकतो. म्हणून अर्धी नळी हा उपाय होत नाही.

आम्हा इंजिनियरांना हा प्रकार ओळखीचा आहे. दहा ठिकाणी चाचणी करायची, दहाही पास झाल्या की कागदावर "सुरक्षित" लिहायचं. अकरावा येतो तो शेजारच्या बाईंच्या मांडीवर बसून. इलियट चुकले असं मी म्हणणार नाही, ते शेतासाठी औषध शोधत होते. पण "सस्तन प्राण्यांना सुरक्षित" हे वाक्य शेतातून घरात आलं, तेव्हा मांजराचा अपवाद बारीक अक्षरात गेला. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००९ साली अशा औषधांच्या तक्रारी तपासायला घेतल्या. कुत्र्याचं औषध मांजराला लावलं जातंय, हे त्यातून पुढे आलं आणि लेबलं अधिक स्पष्ट करायचं ठरलं. इशारा नळीच्या खोक्यावर असतो. बाईंनी खोकं कधीच टाकून दिलं होतं.

हे तुम्हाला मुद्दाम कळवतोय, कारण आपल्याकडे गुरांच्या गोचिडांसाठी सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन सर्रास मिळतं, आणि उरलेलं कुत्र्या-मांजरावर वापरायचा मोह होतो. मांजराला ते लावू नका. कुत्र्याला लावलं असेल तर मांजराला त्याच्या अंगाला घासू किंवा त्याला चाटू देऊ नका. चुकून लागलंच तर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुवा आणि तडक डॉक्टर गाठा. झटके येत असतील तर धूत बसू नका, आधी डॉक्टर. ह्यावर उतारा नाही, पण वेळेत झटके आवरले तर बरीच मांजरं वाचतात.

असो. आमचा बोका तीन दिवस सलाइनवर होता. चौथ्या दिवशी घरी आला तो थेट खिडकीत जाऊन बसला. बाईंनी औषधांच्या कपाटावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे : "खोकं टाकू नये."